जानेवारीत लग्न, पण दोघांनी मिळून प्रार्थना करायची म्हटलं की जमंना झालंय

खानापूरची_पोर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज विचारतेच. माझं लग्न ठरलंय, साखरपुडा झाला, जानेवारीत धरलंय म्हणजे नाताळ आटोपला की लगेच. दोघंही कॅथलिक, त्यामुळं घरचे खूश आहेत, हॉल बघून झाला, केटररला ॲडव्हान्स गेला, शहापुरात साड्यांची एक फेरी पण झाली. पण ज्याच्यासाठी एवढं चाललंय त्यातलं मुख्यच राहून चाललंय असं वाटालंय.

सांगते काय ते. आमच्या घरात सगळं मराठीत. आजी संध्याकाळी दिवा लावला की माळ घेऊन बसायची, मग कोण पाहुणा येऊ दे नाहीतर कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, रोझरी संपल्याशिवाय उठायची नाही. मी त्यातच वाढले. तो बेळगावच्या कॅम्पातला, घरचे मूळचे गोव्याकडचे, घरात कोंकणी, शाळा इंग्लिश मिडियम, मिस्सा (चर्चमधली उपासना) पण इंग्लिश. मराठी एकदम आपल्यासारखी बोलतो, भांडतो पण मराठीतच, पण प्रार्थना म्हटली की गप्प. फोनवर एकदा म्हटलं चल आज दोघं मिळून करूया, मी मराठीत सुरू केलं तर त्याला उत्तराचे शब्द येईनात, मग इंग्लिशमध्ये केलं तर मला आपलं इंटरव्ह्यूला बसल्यागत वाटलं, शेवटी दोघं हसायला लागलो आणि विषय क्रिकेटवर गेला. तेव्हापासून म्हणतो, तू करतीस ते पुरे की, दोघांच्या वाटणीची कर. पुण्यात मिस्सेला जातो कधीमधी, नाताळ-ईस्टर नक्की, बाकी रविवारी झोप.

दुसरं, त्यानं पुण्यात फ्लॅट घेतलाय भाड्यानं. मला पण तिथंच नोकरी मिळालीय, नोव्हेंबरात जॉइन व्हायचंय. तो म्हणतो पीजीचे पैसे कशाला घालवतीस, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, इथंच राहा की. मला मनातून नको वाटालंय पण का नको ते नीट सांगता येईना, 'आई काय म्हणेल' एवढंच तोंडातून येतं आणि तो म्हणतो आईला कळणार कसं.

तिसरं कन्फेशन, म्हणजे फादरपुढं पापं कबूल करायचं ते. त्यानं शेवटचं केलं ते शाळेत असताना. आणि चर्च लग्नाआधी करायला लावतं तो कोर्स कुठं करायचा, कुठल्या भाषेत?

कृपा करून 'प्रार्थना करा, सगळं ठीक होईल' असं लिहू नका, घोडं तिथंच तर अडलंय.


कॅम्पातली_आंटी:
अभिनंदन पोरी. आधी कागदांचं बघ, भक्तीचं बाकीचे सांगतील, कारण ऐनवेळी कागदासाठी रडकुंडीला आलेली पोरं मी दरवर्षी बघते, पॅरिशच्या (आमच्या भागातल्या चर्चच्या) ऑफिसात मदतीला जाते म्हणून. तुझ्या आईनं कपाटात लॅमिनेट करून ठेवलेला बाप्तिस्म्याचा दाखला चालत नाही. नवा काढावा लागतो, सहा महिन्यांच्या आतला, आणि तो जिथं बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमधनं. ह्याचं कारण कोणी सांगत नाही म्हणून सांगते, त्या चर्चच्या रजिस्टरात तुझ्या नावापुढं पुढचं सगळं लिहिलं जातं, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं ते, लग्न झालं असेल तर ते. नवा दाखला म्हणजे ही पोरगी लग्नाला मोकळी आहे ह्याचा पुरावा. त्याचा बाप्तिस्मा जर गोव्यात आजोळच्या चर्चमध्ये झाला असेल तर आत्तापासनं कोणालातरी पाठव, डिसेंबरात फादर लोक सापडत नाहीत.

मग फादर दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात आणि लिहून घेतात. घरच्यांची जबरदस्ती आहे का, आधी कुठं लग्न झालंय का, हे लग्न मरेपर्यंतचं धरताय ना, मुलं हवीत ना. पोरं हसतात ह्याला. हसू नका, भीतीनं किंवा दबावानं दिलेला होकार चर्चच्या कायद्यात होकारच धरत नाहीत, असं लग्न मुळात झालंच नाही असं ठरू शकतं. त्यानंतर बॅन्स, म्हणजे ह्या दोघांचं लग्न ठरलंय, कोणाची हरकत असेल तर सांगा अशी चर्चमध्ये घोषणा, ती आपल्याकडं तीन रविवार वाचतात, तुझ्या पॅरिशात आणि त्याच्या पॅरिशात. तो पुण्यात राहतो तर तिथल्या फादरचं पत्र पण मागतील. कोर्स पुण्यात केला तरी चालेल बहुतेक, पण आधी तुझ्या फादरना विचारून घे मगच फी भर.

तारखेचं बरं केलंस. आगमनकाळात (नाताळच्या आधीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरच्या आधीचे) लग्न नको म्हणतात, गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवारी तर लागतच नाही.


टिळकवाडीचा_गडी:
कोर्सचं खरं सांगू काय? आमचा दोन दिवसांचा होता, शनिवार-रविवार. पहिल्या दिवशी निम्मी जनता मोबाईलमध्ये, कोण हॉलवाल्याशी बोलालाय, कोण बँडवाल्याशी. एक डॉक्टरबाई नैसर्गिक कुटुंबनियोजनावर बोलल्या तेव्हा मात्र सगळे सरळ होऊन बसले, त्यांनी तक्ता काढून दाखवला, ताप मोजायचा, दिवस ओळखायचे, प्रश्न इतके आले की चहा थंड झाला. माझ्या ओळखीच्यांना सगळ्यांना वाटायचं चर्च फक्त 'नको नको' म्हणतं, त्यामागं अशी काहीतरी पद्धत शिकवतात हे कोणालाच माहीत नव्हतं.

पण खरी मजा दुसऱ्या दिवशी. दोघांना वेगवेगळे कागद दिले, पगाराचं काय करणार ते लिहा. मी लिहिलं दोघांचा पगार एका खात्यात. तिनं लिहिलं माझ्या पगारातले पाच हजार दर महिन्याला आईला. कागद बदलले आणि तिथंच जुंपली. बाहेर पायरीवर बसून तासभर भांडलो, जेवणाची सुट्टी त्यातच गेली. आज वाटतं ते भांडण लग्नानंतर झालं असतं तर बेक्कार झालं असतं. त्यामुळं कोर्स भाषेनं बघू नको, ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत कर, म्हणजे मराठी.

त्याला रोझरीत ओढू नको एवढंच. माणूस पळतो. आणि फ्लॅटचं म्हणशील तर दोन महिन्यांचं भाडं वाचतं तर काय बिघडलं, लग्न तर ठरलेलंच आहे.


निवृत्त_मास्तर:
गडीसाहेब, कोर्सबद्दल पटलं, फ्लॅटबद्दल नाही. आणि ताई, तुम्हाला 'का नको' सांगता येत नाही म्हणालात म्हणून मी जरा लांबण लावतो, माफ करा.

आपल्यात एक गोष्ट बऱ्याच लोकांच्या ध्यानात येत नाही. आपण म्हणतो फादरनी लग्न लावलं. पण आपल्या लॅटिन परंपरेत लग्नाचा संस्कार फादर देत नाहीत, नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला देते. फादर चर्चच्या वतीनं तुमचा होकार विचारतात आणि स्वीकारतात, दोन साक्षीदार ऐकतात. म्हणजे त्या दिवशी वेदीपुढं देणारे तुम्ही दोघंच. आता एवढं मोठं जे द्यायचं ते शब्द उच्चारायच्या आधीच हप्त्याहप्त्यानं देऊन टाकायचं का, हा खरा प्रश्न आहे. आई काय म्हणेल हा नाही, शेजारी काय म्हणतील हा तर मुळीच नाही. चर्चची शिकवण अशी की ठरल्यापासून लग्नापर्यंतचा काळ संयमाचा, एकमेकांचा मान ठेवायला आणि निष्ठेनं राहायला शिकायचा. जो माणूस आत्ता तुमच्या 'नको'चा मान ठेवतो तो पुढं बाळंतपणात, आजारपणात, नोकरीसाठी लांब राहायची वेळ आली तर पण ठेवेल, अशी खात्री पटायला ह्यापेक्षा चांगला मोका मिळत नाही. पीजीच्या भाड्यात एवढं कळत असेल तर मी म्हणतो स्वस्त पडलं. आणि हे त्याच्यावर उपकार म्हणून सांगू नका, तोंड पाडून तर अजिबात नको, सरळ सांगा की मला तुझ्याबरोबर राहायचंच आहे, म्हणूनच थांबायचंय.

तयारीबद्दल. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ साली कुटुंबावर जे लिहिलं त्यात लग्नाच्या तयारीचे तीन टप्पे सांगितलेत, एक लांबचा, तो लहानपणी घरातच होतो (तुमच्या आजीनं तुमचा करून ठेवलाय), दुसरा जवळचा आणि तिसरा लग्नाच्या तोंडावरचा. आपल्याकडं पहिला नशिबावर, दुसरा गायब आणि तिसरा दोन दिवसांत उरकतो. २०१६ साली पोप फ्रान्सिसनी तर स्पष्टच लिहिलं की आमंत्रणं, कपडे आणि पार्टी ह्यात पैसा तर जातोच, पण जोर आणि आनंद पण जातो, आणि जोडपं लग्नाच्या दिवशी दमून येतं. मी चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटात, बरीच वर्षं काढली, पेटीच्या मागून नवरा-नवरीचे चेहरे दिसतात. दमलेले असतात हो खरंच. शुभवर्तमान चालू असताना नवरी बघते फोटोग्राफरकडं, नवरा बघतो घड्याळाकडं.

म्हणून एक साधी गोष्ट करा. लग्नाच्या मिस्सेची वाचनं तुम्हाला निवडता येतात, चर्चनं ठरवून दिलेली यादी असते त्यातली. बहुतेक लोक फादरना म्हणतात तुम्हीच निवडा. तुम्ही दोघांनी निवडा. येशू गेला होता ते काना गावातलं लग्न आहे, पौलाचं प्रेमाचं वाचन आहे, आणि तोबीतच्या पुस्तकातलं पण आहे. तोबीत आठवा अध्याय जरूर वाचा, तोबियाह आणि सारा ह्यांची लग्नाची रात्र, दार बंद झाल्यावर तोबियाह उठतो आणि बायकोला म्हणतो ऊठ, आधी प्रार्थना करू. बाहेर सासरा त्याच्यासाठी खड्डा खणून ठेवालाय, कारण तिचे आधीचे सात नवरे त्याच रात्री मेलेले! गोष्ट भारी आहे, तुमच्या होणाऱ्या नवऱ्याला पण आवडेल. फक्त बायबल कॅथलिक आवृत्तीचं घ्या, प्रॉटेस्टंट आवृत्तीत तोबीत नसतो.


टिळकवाडीचा_गडी:
मास्तर खड्ड्याची गोष्ट माहीतच नव्हती मर्दा. भाड्याचं अजून पूर्ण पटलं नाही पण 'नको'चा मान हे पटलं, तेवढा शब्द मागं घेतो.


निपाणीकर_सून:
मी जरा वेगळ्या बाजूनं सांगते. मी कॅथलिक, नवरा मराठा. आमच्यासाठी बिशपांकडनं सूट घ्यावी लागली कारण त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. मी लिहून दिलं की माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला माझ्याकडनं होईल तेवढं सगळं करीन, आणि हे मी लिहून दिलंय ते त्याला फादरनी समोर बसवून सांगितलं. घरच्यांना चर्चनंतर भटजींकडनं परत लग्न लावायचं होतं, फादर म्हणाले होकार एकदाच द्यायचा, दोनदा नाही. त्यावरनं महिनाभर धुसफूस, सासूबाई बोलायच्या बंद, मधे नवरा.

पण त्यामुळं झालं काय, की आम्हाला सगळं आधी बोलावंच लागलं. रविवारी काय, गणपतीत काय, मुलांची नावं काय, शुक्रवारी मटण काय. तुमच्यात दोघं कॅथलिक म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलंय की प्रश्नच नाही, आणि म्हणून कोणी विचारलंच नाही. माझ्या बहिणीचं असंच झालं, नवरा कॅथलिक, पाहुणे सगळे कॅथलिक, आणि ती आता मुलांना घेऊन एकटी मिस्सेला जाते. आत्ताच विचार त्याला, मुलं झाल्यावर रविवारी कोण उठवणार. हसून नाही, बसून विचार.


लोंढ्याची_लेक:
भाषेचं मी सांगते कारण आमचं अगदी हेच होतं, फक्त उलट, मी कोंकणी आणि नवरा मराठी. रोझरीत दर मण्याला म्हणतो तो नमो मारिया बघ, दोन तुकड्यांत असतो, एकानं पहिला म्हणायचा आणि बाकीच्यांनी दुसरा. तर पहिला तुकडा ज्याचा त्यानं आपल्या भाषेत म्हणायचा आणि दुसऱ्यानं उत्तर आपल्या भाषेत द्यायचं. त्यानं कोंकणीत सुरू करायचं, तू मराठीत संपवायचं, पुढच्या दशकाला, म्हणजे पुढच्या दहा मण्यांना, उलट. पहिल्या दिवशी खूप हसू येतं, मग कान बसतो. आता आमच्याकडं पोरं कुठल्या भाषेत म्हणतात ते त्यांनाच माहीत नाही. आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण रोझरी नको, एकच दशक, दहा मण्यांना चार-पाच मिनिटं लागतात, गडीदादांचं खरं आहे की ओढलं तर पळतात, पण चार मिनिटांसाठी कोणी पळत नाही.

वचनं पण आम्ही तशीच घेतली, मी कोंकणीत, तो मराठीत, फादरनी आधी परवानगी दिली होती. माझ्या मावशीला वाटलं चुकून झालं.


निवृत्त_मास्तर:
ह्याला जोडून एक. आपला बेळगाव डायोसीस (बिशपांचा धर्मप्रांत) १९५३ साली झाला तो गोव्याच्या आणि पुण्याच्या डायोसीसचा भाग घेऊनच. त्यामुळं एका बाकावर कोंकणी, मराठी, कन्नड, इंग्लिश हे आपल्याकडं जन्मापासूनचं आहे. लाज वाटून घ्यायचं कारण नाही.


खानापूरची_पोर:
सगळ्यांना खूप खूप थँक्स. हा धागा त्याला पाठवला (नावं काही कळत नाहीत म्हणून धाडस केलं). आधी चिडला, म्हणाला मला गावभर केलंस. मग रात्री स्वतःच फोन केला, लोंढ्याच्या ताईंची आयडिया करून बघू म्हणाला. केली. त्याला कोंकणीतला पहिला तुकडा सगळा पाठ निघाला! त्याच्या वडलांची आई म्हणवून घ्यायची म्हणे, मला हे माहीतच नव्हतं. चौथ्या मण्याला त्याच्या रूममेटनं दार वाजवलं पण तो थांबला नाही.

पीजी बुक केला. मास्तर अंकलनी सांगितलं तसंच सांगितलं, तो थोडा वेळ गप्प होता आणि मग म्हणाला डिपॉझिट किती आहे. बहुतेक म्हणजे ठीक आहे असा अर्थ असावा. मुलांना रविवारी कोण उठवणार ह्यावर मात्र अजून भांडण चालू आहे, तो म्हणतो संध्याकाळची मिस्सा असते की.

कन्फेशनला घाबरालाय पण. एवढ्या वर्षांनी गेलं तर फादर ओरडतील म्हणतो, आणि कॅम्पातले फादर त्याच्या पप्पांना ओळखतात.


कॅम्पातली_आंटी:
ओळखू देत की. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कोणालाच सांगू शकत नाहीत, पप्पांना नाही, बिशपांना नाही, पोलिसांना पण नाही, तोडलं तर फादरनाच चर्चची सर्वात कडक शिक्षा आहे. तरी लाज वाटत असेल तर पुण्यात करू दे, तिथं कोण ओळखतंय. लग्नाच्या आदल्या दिवशीवर मात्र ठेवू नका, त्या दिवशी घरात चाळीस पाहुणे आणि बाथरूम एक. आणि एकदाच करून सोडू नका, आत्ता एकदा आणि मग लग्नाच्या आधीच्या आठवड्यात एकदा. आत जाऊन सरळ म्हणायचं, फादर खूप वर्षं झाली, कसं करायचं विसरलो. पुढचं ते विचारत विचारत करून घेतात. ओरडत नाहीत, असे आलेले बघून त्यांना बरं वाटतं.


खानापूरची_पोर:
होय सांगते. शेवटचं एक आंटी, आमच्याकडं हळद असते आणि त्यांच्याकडं रोस (नारळाचा रस अंगाला लावतात तो), दोन्ही लग्नाच्या आदल्या दिवशी. त्याची आई म्हणते नवरीला पण रोस लावायचाच, माझी काकू म्हणते हळदीशिवाय नवरी उठवणार नाही. चर्चचं काही म्हणणं असतं काय ह्यात?


कॅम्पातली_आंटी:
चर्चचं काही नाही ग, हळद पण रिवाज आणि नारळाचा रस पण रिवाज, अंगाला लावायचं आणि धुवून टाकायचं. मुहूर्त-बिहूर्त बघायला लागले तर तेवढं नको म्हण. सकाळी हळद तुझ्या घरी, संध्याकाळी रोस त्यांच्याकडचे येऊन लावतील, मधे अंघोळीला दोन तास सोड नाहीतर फोटोत पिवळी दिसशील. चुडा दोन्हीकडं आहे, तो मामाकडं एकदाच भर, दोनदा कासाराला बोलवू नका. आणि फादरना सांग आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं येऊन प्रार्थना करून जा म्हणून, बहुतेक फादर येतात, नुसतं आधी सांगावं लागतं. बॅन्सला नावं देताना बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं स्पेलिंगच दे, आधार कार्डवरचं नको. ह्या महिन्यात एकीचं त्याच्यावरनंच अडकलंय.